शेवट झाकायचा कुठे आणि कसा: सिनेमावाल्या ग्रुपसाठी पाच अ‍ॅपची पारख

शुक्रवारी सकाळचा पहिला खेळ सुटला की बाराच्या आत नाशिकच्या सिनेमावाल्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो. कॉलेज रोडच्या पोराचा सिनेमा बघून झालेला असतो. सातपूर-अंबडला दुसऱ्या पाळीवर निघालेल्याने तिकीट रविवारचं काढलेलं असतं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची तोडणी चालू असेल तर तिथला माणूस पंधरा-वीस दिवस थिएटरकडे फिरकत नाही. हे तिघंही एकाच ग्रुपवर असतात आणि शेवट फुटतो तो तिथेच. बहुतेक वेळा मुद्दाम कोणी फोडत नाही. झाकायचं कसं ते माहीत नसतं, किंवा माहीत असूनही झाकण अर्धवट बसतं.

म्हणून ही पारख एकाच गोष्टीवर केली आहे: त्या अ‍ॅपवर शेवट झाकून, तरीही मोकळेपणाने, सिनेमाबद्दल बोलता येतं का. झाकलेला मजकूर नुसता चॅटमध्ये झाकलेला राहतो की चॅटच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्येही? मराठी कीबोर्डवरून झाकण लावता येतं का? चूक झाली तर मजकूर मागे घेता येतो का? आणि घरातल्या साठीच्या माणसाला हे जमेल का? गुण या चार प्रश्नांवर दिले आहेत.

टेलिग्राम यात सरळ पुढे आहे. मजकूर झाकण्याची सोय तिथे डिसेंबर २०२१ च्या अखेरीस आली आणि वर्षभराने फोटो-व्हिडिओसाठीही आली. मजकूर लिहायचा, तेवढा भाग बोट दाबून निवडायचा, वर येणाऱ्या मेन्यूत फॉरमॅटिंगमधून ‘स्पॉयलर’ निवडायचं. तो भाग चमचमत्या ठिपक्यांखाली जातो आणि वाचणाऱ्याने बोट लावलं तरच उघडतो. कॉम्प्युटरवर मजकूर निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि ‘पी’ ही अक्षराची कळ एकत्र दाबली तरी तेच होतं. मेन्यू नको असेल तर मजकुराच्या आधी आणि नंतर दोन-दोन उभ्या रेघा द्यायच्या, अशा: ||शेवटी दोघं परत येतात||.

इथे मराठीत लिहिणाऱ्याची हमखास चूक होते. मराठी कीबोर्डवर दंड आणि दुहेरी दंड समोर दिसतात, ओवी-श्लोकाच्या शेवटी देतो ते, ॥ असे. दिसायला उभ्या रेघांसारखेच. पण अ‍ॅपच्या लेखी ते वेगळं चिन्ह आहे, त्याने काहीही झाकलं जात नाही आणि अख्खा शेवट दोन दुहेरी दंडांच्या मध्ये उघडाच जातो. खरी रेघ हवी असेल तर अंकांची कळ दाबून चिन्हांच्या दुसऱ्या पानावर जायचं. जीबोर्डवर ती तिथे पहिल्याच ओळीत आहे. रोज लागत असेल तर फोनच्या डिक्शनरीत एक शॉर्टकट करून ठेवा, म्हणजे दोन अक्षरं टाइप केली की चारही रेघा येतात. एवढा खटाटोप नको असेल तर मजकूर निवडून मेन्यूतून झाकणं जास्त भरवशाचं.

टेलिग्रामची खरी ताकद अशी की झाकलेला मजकूर चॅटच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्येही झाकलेलाच राहतो. फोन टेबलावर पडलाय, स्क्रीन उजळली, शेजारच्याची नजर गेली, तरी काही फुटत नाही. बाकीच्या अ‍ॅपवर सगळ्यात जास्त शेवट फुटतात ते नोटिफिकेशनमधूनच.

उणिवा दोन-तीन आहेत. एका मेसेजमध्ये तीन ठिकाणी झाकण असलं तर एकावर बोट लावताच तिन्ही उघडतात. म्हणून मध्यंतरापर्यंतची गोष्ट आणि शेवट एकाच मेसेजमध्ये घालू नका. दोन वेगळे मेसेज करा. फोटो झाकला म्हणून त्याची कॅप्शन झाकली जात नाही, ती वेगळी निवडून झाकावी लागते. आणि टेलिग्रामवरचा मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की झाकण मागेच राहतं, मजकूर उघडा जातो. एका ग्रुपवरचं ‘चांगलं लिहिलंय’ म्हणून दुसऱ्यावर टाकणारे दर ग्रुपवर दोघं-तिघं असतातच, त्यांना हे आधीच सांगून ठेवायला हवं.

झाकणापेक्षाही कामाची गोष्ट म्हणजे टॉपिक. ग्रुपच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडमिनने टॉपिक चालू केले की एकाच ग्रुपमध्ये प्रत्येक सिनेमाची वेगळी खोली होते आणि प्रत्येक खोली वेगळी म्यूट करता येते. ज्याने सिनेमा बघितला नाही तो त्या खोलीत शिरतच नाही, बाकी गप्पा त्याच्यासाठी चालूच राहतात. टॉपिकचं नाव मात्र नुसतं सिनेमाचं ठेवा. नावातच ‘शेवट पटला का?’ असं घातलं की पटणार नाही असा काहीतरी शेवट आहे, एवढं आत न जाताच कळतं. दहापैकी ९.

व्हॉट्सअ‍ॅपवर ठळक, तिरपं, खोडलेलं असं सगळं करता येतं, पण त्या नेहमीच्या खुणांमध्ये झाकणारी एकही नाही. मजकुराच्या दोन्ही बाजूंना नागमोडी रेघ दिली की अक्षरांवरून आडवी रेघ जाते. काही जण तेच झाकण समजतात, पण खोडलेलं सगळं स्वच्छ वाचता येतं. तरीही नाशिकमधले निम्म्याहून अधिक सिनेमाप्रेमी घरातल्या, सोसायटीतल्या, जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच बोलणार. तेव्हा तिथे काय करता येतं ते नीट बघायला हवं.

सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे रिकाम्या ओळी. वर इशारा, खाली पंचवीस-तीस रिकाम्या ओळी, मग मजकूर. ही युक्ती फसते तीही ठरलेल्या ठिकाणी. मेसेजच्या अगदी सुरुवातीला दिलेल्या रिकाम्या ओळी व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकतं, म्हणून पहिल्या ओळीत अक्षरं असायलाच हवीत. आणि ती पहिली ओळ नोटिफिकेशनमध्ये दिसणार, म्हणून ती लांब हवी: सिनेमाचं पूर्ण नाव, कुठपर्यंतचं बोलणं आहे, आणि कोणी वाचू नये. शिवाय हे झाकण नव्हे, मजकूर फक्त खाली ढकलला जातो. दोन दिवसांनी ग्रुप उघडून वरखाली सरकवणाऱ्याच्या डोळ्यासमोर तो येतोच.

दुसरी युक्ती एकदाच दिसणाऱ्या फोटोची. मजकूर नोट्समध्ये लिहायचा, त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा, पाठवताना कॅप्शनच्या चौकटीतलं १ चं चिन्ह दाबायचं. फोटो आपणहून उघडल्याशिवाय दिसत नाही, पुढे पाठवता येत नाही, आणि चौदा दिवसांत उघडला नाही तर जातो. गुप्ततेला हे चांगलं, चर्चेला वाईट. पुन्हा वाचता येत नाही, त्यामुळे ‘तू जे म्हणालास ना’ म्हणून उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते.

तिसरी युक्ती ज्येष्ठांसाठी उत्तम: व्हॉइस नोट. बोललेलं नोटिफिकेशनमध्ये दिसत नाही, ऐकणाऱ्याने बटण दाबलं तरच कळतं. टाइप करायचा कंटाळा असलेल्या काकांना झाकण वगैरे शिकवण्यापेक्षा ‘काका, आधी सिनेमाचं नाव लिहा, मग बोलून पाठवा’ एवढं सांगितलं तरी काम होतं. एक धोका आहे. लागोपाठ आलेल्या व्हॉइस नोटा एकामागून एक आपोआप वाजतात. आत्याने पाठवलेली पुरणाच्या प्रमाणाची नोट ऐकता ऐकता पुढची, सिनेमाच्या शेवटाची नोट सुरू होते आणि फोन हातात घेईपर्यंत नाव कानावर पडलेलं असतं. म्हणून नावाचा लेखी इशारा दोन नोटांच्या मध्ये यायलाच हवा.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर खरोखर टिकणारा उपाय वेगळा आहे. कम्युनिटी करून तिच्यात ‘बघितलेल्यांसाठी’ म्हणून निराळा ग्रुप उघडा, ज्याचं बघून झालं तो आपणहून आत येईल. मूळ ग्रुपवर वेळ, तिकीट, आवाज, पडदा एवढंच बोलायचं. आणि ज्याचं बघायचं बाकी आहे त्याने सिनेमा होईपर्यंत तो ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकून ठेवावा. चॅट अर्काइव्हमध्येच ठेवायचं सेटिंग चालू असेल तर नवा मेसेज आला तरी ग्रुप वर येत नाही. अँड्रॉइडवर त्या ग्रुपची मीडिया व्हिजिबिलिटीही बंद करा. नाहीतर ग्रुप उघडला नाही तरी लाडक्या पात्राचा हार घातलेला फोटो गॅलरीत येऊन बसतो, त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फ्लेक्सच्या धर्तीवर केलेले असे फोटो हल्ली शुक्रवारी संध्याकाळीच फिरायला लागतात. एक अक्षरही न लिहिता सिनेमा फोडायचा याहून पक्का प्रकार नाही, आणि करणाऱ्याला आपण काही फोडलं असं वाटतही नाही.

थिएटरातल्या पडद्याचं शूटिंग करून स्टेटसला ठेवणाऱ्यांना समजावताना रीतभात हा शब्द अपुरा पडतो. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार परवानगीशिवाय थिएटरात चित्रीकरण केल्यास किमान तीन महिने कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. घरातल्या मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपला ४, तेही कम्युनिटी आणि व्हॉइस नोट यांच्या जिवावर.

डिस्कॉर्ड तंत्राने टेलिग्रामच्या तोडीचं आहे. तिथेही त्याच दुहेरी उभ्या रेघा चालतात, फोटो जोडताना त्यावरच्या डोळ्याच्या चिन्हाने तो झाकता येतो, आणि इथे एका मेसेजमधलं प्रत्येक झाकण वेगळं उघडतं. त्यामुळे ‘पहिल्या अर्ध्याबद्दल’ आणि ‘शेवटाबद्दल’ एकाच मेसेजमध्ये लिहिता येतं. वेब सिरीजचे भाग एकेक करून बघणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. सेटिंगमध्ये झाकलेला मजकूर कायम उघडा दाखवायचाही पर्याय आहे. एखाद्याने तो कधीतरी लावून ठेवलेला असतो आणि मग ‘तू झाकलंच नव्हतंस’ म्हणून भांडण होतं. आधी समोरच्याचं हे सेटिंग बघा. गुण ७. दोन कापले कारण आईवडील, काका, मामी यांच्यापैकी कोणी तिथे नसतं. सिनेमावर बोलायला माणसंच नसतील तर चांगलं झाकण काय कामाचं?

रेडिटवर मजकुराच्या आधी >! आणि नंतर !< द्यायचं. पहिल्या उद्गारचिन्हानंतर मोकळी जागा सोडायची नाही, नाहीतर जुन्या रेडिटवर बघणाऱ्याला सगळं उघडं दिसतं. दोन परिच्छेद असतील तर प्रत्येकाला वेगळं झाकण. पोस्टवर स्पॉयलरची खूण लावली की आतलं धूसर होतं, शीर्षक नाही, आणि लोक घात करतात तो शीर्षकातच. इंटरनेटवर शेवट झाकायची धडपड जुनी आहे. युझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या काळात इंग्रजीतली २६ अक्षरं १३ घरं पुढे सरकवून मजकूर ओळखू न येण्यासारखा करत; पुन्हा १३ घरं सरकवली की तो सरळ व्हायचा. देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरं यांच्यामुळे असलं काही जमण्यासारखं नाही, म्हणून आपल्याला अ‍ॅपच्याच झाकणावर अवलंबून राहावं लागतं. ६.

एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, दुसऱ्याचं तोंड बंद करता येत नाही, आपले कान बंद करता येतात. सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली म्यूट केलेल्या शब्दांची यादी आहे. शब्द घालायचा, मुदत निवडायची: २४ तास, ७ दिवस, ३० दिवस किंवा कायम. बहुतेक जण सिनेमाचं नाव घालतात आणि निर्धास्त होतात. मराठीत ते पुरत नाही. समजा सिनेमाचं नाव ‘पहारा’ आहे. लिहिणारा ‘पहाऱ्यात काय झालं’, ‘पहाऱ्याचा शेवट’, ‘पहाऱ्याने निराश केलं’ असं लिहिणार. आपली विभक्ती शब्दाला चिकटते आणि चिकटताना शब्दाचं रूपही बदलते; ‘पहारा’ हा शब्द त्यात कुठे उरतच नाही. म्हणून यादीत पहारा, पहाऱ्यात, पहाऱ्याचा, पहाऱ्याची, पहाऱ्याचे, पहाऱ्याने, पहाऱ्यातला, पहाऱ्यातली ही सगळी रूपं घाला, नावाची रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगं घाला, आणि मुख्य पात्राचं नावही. दहा मिनिटांचं काम आहे. फोटोवर छापलेला मजकूर या चाळणीत अडकत नाही आणि सर्चमध्ये गेलात तर सगळंच दिसतं. ५.

आयएमडीबी आणि लेटरबॉक्स्ड इथे परीक्षण टाकताना ‘यात गोष्ट फुटते’ अशी खूण करायची सोय आहे आणि ती नीट चालते. पण आयएमडीबीवर वेब सिरीजच्या कलाकारांची यादी उघडू नका. प्रत्येकाच्या नावापुढे तो किती भागांत आहे ते लिहिलेलं असतं. दहा भागांच्या मालिकेत नायकाच्या भावापुढे ३ दिसलं की चौथ्या भागाची धास्ती कायमची गेली.

आता अशी गोष्ट जिला कुठलंच अ‍ॅप हात घालू शकत नाही: आपली भाषा. मराठीत क्रियापद लिंग सांगतं. ‘खरा गुन्हेगार शेवटी सापडतो’ असं लिहिलं की सगळ्या स्त्री पात्रांवरचा संशय संपला. ‘ज्याने’, ‘जिने’ आणि ‘ज्यांनी’ यांतलं काहीही निवडा, काहीतरी सुटतंच. ‘ज्यांनी’ म्हणाल तर वाचणारा ओळखतो की एकतर दोघं आहेत किंवा सासरे-आजोबांपैकी कोणी मानाचं माणूस आहे. यावर साधा उपाय म्हणजे ‘व्यक्ती’ किंवा ‘पात्र’ हे शब्द. ‘ती व्यक्ती शेवटी सापडते’ यात व्यक्ती स्त्रीलिंगीच असते, माणूस कोणीही असो. ‘ते पात्र’ तर नपुंसकलिंगीच. सिनेमावर नेहमी लिहिणाऱ्याने ही सवय बोटांना लावून घ्यावी.

झाकण लावतानाही हाच घोटाळा होतो. नुसतं नाव झाकतात आणि प्रत्यय बाहेर ठेवतात. असं:

शेवटी कळतं की ||सदाशिव||रावांनीच पत्र जाळलं.

नाव झाकलं, पण ‘रावांनीच’ बाहेर राहिलं. घरातला वडीलधारा पुरुष, हे कळलं. सिनेमात असे दोनच असतील तर उरलं काय? शिवाय झाकलेल्या पट्टीची लांबी मजकुराएवढीच असते. तीन अक्षरी नाव आणि सहा अक्षरी नाव यांत फरक दिसतो. आणि पत्र जाळलं जातं, हे तर उघडच लिहिलं. योग्य पद्धत अशी:

पहारा, शेवटापर्यंत, न बघितलेल्यांनी उघडू नका: ||शेवटी कळतं की सदाशिवरावांनीच पत्र जाळलं.||

अख्खं वाक्य, पूर्णविरामासकट, झाकणाच्या आत. बाहेर तीन गोष्टी: कोणता सिनेमा, कुठपर्यंतचं, कोणी उघडू नये. नुसतं ‘स्पॉयलर अलर्ट!!’ लिहून खाली काहीही न झाकणं निरुपयोगी आहे, आणि झाकलं पण सिनेमाचं नावच सांगितलं नाही तर तेही तितकंच निरुपयोगी. कशावरचं झाकण आहे हे माहीत नसेल तर वाचणारा ते उघडून बघणारच.

न झाकताही फुटतं ते असं: ‘पूर्वार्धात तिचं काम फार सुंदर आहे’ म्हटलं की उत्तरार्धात ती नाही. ‘रुमाल घेऊन जा’ म्हटलं की हसतखेळत शेवट नाही. ‘शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे’ म्हणणाऱ्याला वाटतं की आपण काहीच सांगितलं नाही. पण प्रेक्षक मग दीड तास प्रत्येक पात्राकडे संशयाने बघत बसतो आणि साधासरळ चाललेला प्रसंगही त्याला साधा वाटत नाही. रहस्यपटाबद्दल ‘रहस्य नीट जमलंय’ एवढं पुरेसं आहे. ‘खुनी कोण वाटतं?’ असा पोल टाकून चार नावं दिली की बाकी सगळे निर्दोष ठरतात. यूट्यूबची लिंक चिकटवली की तिचं शीर्षक आणि चित्र आपोआप खाली येतं आणि त्यावर शेवटच लिहिलेला असतो. पाठवण्याआधी त्या चौकटीवरची फुली दाबा.

उलट काही गोष्टी खुशाल उघड सांगाव्यात, त्यावरून कोणाला गप्प करू नये. नावं संपेपर्यंत बसा, पुढे एक प्रसंग आहे. लहान मुलांना नेऊ नका, हाणामारी अंगावर येते. आवाज कमी आहे, मागच्या रांगा घ्या. मध्यंतर उशिरा होतं. घरच्यांना घेऊन जाणाऱ्याला याच गोष्टी हव्या असतात. ट्रेलरमध्ये दिसलेलंही उघड धरावं, फक्त तो प्रसंग सिनेमात कुठे येतो ते सांगू नये.

ऐतिहासिक सिनेमाचा वाद दर वेळी उठतो. बाजीप्रभू १६६० मध्ये खिंडीत पडले, छत्रपती संभाजी महाराजांची १६८९ मध्ये हत्या झाली; हे शाळेच्या पुस्तकात आहे, यात काही फुटत नाही. पण दिग्दर्शकाने शेवटचा प्रसंग कोणाच्या नजरेतून दाखवला, कुठे कॅमेरा थांबवला, ते झाकण्यासारखं आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा पहिला चित्रपट बघायला आलेल्यांना हरिश्चंद्राची गोष्ट लहानपणापासून पाठ होती. ते आले होते ती गोष्ट पडद्यावर हलताना बघायला. तेवढं नवेपण प्रत्येक प्रेक्षकाला त्याच्या वेळी मिळायला हवं.

मुदत किती? ‘आठवडा झाला, आता बोला’ हा मुंबई-पुण्याचा हिशेब इथे चालत नाही. शुक्रवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे दहा दिवस, वेगळ्या खोलीबाहेर शेवटाचा शब्दही नको. त्यानंतर ओटीटीवर येईपर्यंत झाकून बोला. हिंदी सिनेमाला साधारण आठ आठवडे लागतात. ओटीटीवर आल्यावर आणखी एक महिना इशारा देऊन. मराठी सिनेमासाठी मात्र हात आखडता घ्या. त्याला बऱ्याचदा दुपारचा एखादाच खेळ मिळतो आणि दुसऱ्या शुक्रवारी तोही जातो. ज्याला तेव्हा कामावरून निघता आलं नाही, त्याची चूक काय? नाटकाचं तर आणखी वेगळं. मुंबई-पुण्यात पन्नास प्रयोग झालेलं नाटक कालिदास कलामंदिरात कित्येक आठवड्यांनी येतं आणि त्याला ओटीटीही नसतं. रहस्यनाटकाचा शेवट कधीच उघडा लिहू नये. राज्य नाट्य स्पर्धेत सायखेडकर नाट्यगृहात झालेल्या प्राथमिक फेरीबद्दल लिहितानाही हेच पाळा, त्यातलं नाटक अंतिम फेरीत गेलं तर तिथला प्रेक्षक नवा असतो.

‘शेवट कळला तरी काही बिघडत नाही’ म्हणणारे २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला देतात. लघुकथांचा शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना त्या किंचित जास्तच आवडल्या, असं त्यात आढळलं होतं. नंतरच्या अभ्यासांत उलटही आढळलं आहे. शेवट आधी वाचायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, त्याच्या वतीने दुसऱ्याने नाही.

आणि फुटलंच तर? टेलिग्रामवर मेसेज सगळ्यांसाठी काढून टाका, नंतर केव्हाही काढता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्या पंधरा मिनिटांत बदलता येतो आणि दोन दिवसांच्या थोडं पुढेपर्यंत सगळ्यांसाठी काढता येतो. अ‍ॅडमिन कोणाचाही काढू शकतो. पण त्या मेसेजला टॅग करून ‘अरे, शेवट का सांगितलास!’ असं उत्तर देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ मेसेज गेला तरी तुमच्या उत्तराला जोडलेला त्याचा तुकडा तसाच दिसत राहतो, आणि ते खरंच शेवटाबद्दल होतं याची खात्रीही पटते. ग्रुपवर काही न बोलता त्या माणसाला वेगळा मेसेज करा: ‘दादा, तेवढा मेसेज काढाल का, आमचं रविवारी बघायचं आहे.’ बहुतेक जण लगेच काढतात. ग्रुपवर चारचौघांत सुनावलं की तेच लोक हट्टाला पेटतात.

अ‍ॅडमिनने गुरुवारी रात्री एकच गोष्ट करावी: पुढचा मेसेज तीस दिवसांसाठी पिन करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पिनला २४ तास, ७ दिवस, ३० दिवस असे पर्याय येतात, त्यातला शेवटचा; सात दिवसांचा पिन दुसऱ्या रविवारच्या आधीच निघतो.

‘उद्या पहारा लागतोय. दुसऱ्या रविवारपर्यंत इथे फक्त वेळ, तिकीट, आवाज, पडदा. गोष्टीबद्दल बोलायचं असेल तर “पहारा – बघितलेल्यांसाठी” या ग्रुपवर या. फोटो, स्टेटस, श्रद्धांजली नको. कोणाचं चुकून फुटलं तर अ‍ॅडमिनला वेगळा मेसेज करा, इथे उत्तर देऊ नका.’